ग्रेडिंग न झालेली प्रूफ नाणी पाहायला निघण्यापूर्वी

एखाद्या घरातला, ग्रेडिंग न झालेल्या (म्हणजे तज्ज्ञ संस्थेने तपासून अवस्थेचा अंक न दिलेल्या) नाण्यांचा जुना संग्रह विकायचा असल्याचे कळते, फोन होतो आणि रविवारी सकाळी अकराची वेळ ठरते. अशा वेळी संग्राहकाने तयारीला बुधवारीच लागावे. इंदूरकरांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण नाणी पाहण्याची आपली सवय सराफ्यात लागलेली आहे: उभ्या उभ्या, ट्यूबलाइटखाली, चार ओळखीच्या माणसांशी बोलता बोलता. होळकरांच्या झिजलेल्या पैशासाठी तेवढे पाहणे पुरते. प्रूफ नाण्याचा मात्र सगळा भाव त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ठरतो आणि तो पृष्ठभाग ट्यूबलाइटखाली फार खोटे बोलतो.

पहिली तयारी समजुतीची आहे. प्रूफ हे नाण्याच्या चांगल्या अवस्थेचे नाव नसून ते घडवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. निवडक चकत्या आणि ठसे आधी चकचकीत करतात, ठशाचा कोरलेला भाग बहुधा दुधी ठेवतात आणि चकतीवर जास्त दाबाने निदान दोनदा छाप देतात. त्यामुळे पार्श्वभूमी काळसर आरशासारखी दिसते आणि चेहरा, सिंह, अक्षरे त्यावर पांढुरकी उठून येतात. असे नाणे पुढे खिशात फिरून झिजले तरी ते प्रूफच राहते, फक्त बिघडलेले प्रूफ. उलट साधे कोरे नाणे कितीही चमकले तरी ते प्रूफ होत नाही, आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘प्रूफ’ हा शब्द पुष्कळदा नुसत्या चमकेसाठी येत असतो.

म्हणून निघण्यापूर्वी एका कार्डावर आपल्याला हव्या असलेल्या नाण्यांची मापे लिहून घ्यावीत, आणि यादी जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवावी. गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे, ३४ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० टक्के चांदीचे आहे. त्यावर १८६९–१९४८ ही गांधीजींच्या आयुष्याची वर्षे आहेत, त्यामुळे निघाल्याचे वर्ष शोधत बसू नये. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे आणि ५० टक्के चांदीचे आहे. त्यानंतर बरीच वर्षे निघत राहिलेली मोठी चांदीची नाणी बहुधा ३५ ग्रॅमची, ४४ मिलिमीटरची आणि निम्म्या चांदीची असतात. टांकसाळीच्या चिन्हाची नोंद याच कार्डावर ठळक करावी: मुंबईच्या साध्या नाण्यांवर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची खूण असते, तर या यादीतल्या काळातल्या प्रूफ नाण्यांवर १९९५ पर्यंत इंग्रजी ‘बी’ आणि १९९६ पासून ‘एम’ हे अक्षर येते. यादीतले, मुंबईचे म्हणून दाखवलेले नाणे प्रूफ असल्याचे कोणी सांगत असेल आणि त्यावर चौकट दिसली, तर पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचे २०२५ चे तीनशे रुपयांचे नाणे आपल्या गावात जो तो मागतो, आणि ते साहजिकच आहे. पण इतक्या नव्या नाण्याला शोधाची गरज नाही, ते टांकसाळीच्या मूळ वेष्टनातलेच घ्यावे.

पिशवीत सर्वांत आधी दिवा ठेवावा. एकच बल्ब असलेला, मान वळवता येणारा छोटा टेबल लॅम्प, पिवळसर प्रकाशाचा आणि जुन्या साठ ते पंचाहत्तर वॅटच्या बल्बइतक्या उजेडाचा असावा. सोबत लांब वायरचा बोर्ड घ्यावा, कारण जुन्या घरांत प्लग नेहमी कपाटामागे असतो. खोलीतले बाकीचे दिवे मालवण्याची परवानगी मागायला संकोचू नये. पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन, व्यास मोजायला प्लॅस्टिकचे कॅलिपर (धातूचे नको, त्याचा ओरखडा पडतो), मेजावर पसरायला मऊ कापड, सुती हातमोजे आणि ३४, ३९ व ४४ मिलिमीटरच्या रिकाम्या कॅप्सूल (नाणे ठेवण्याच्या पारदर्शक गोल डब्या) एवढे सामान पुरते. नाणे फक्त काठाला धरावे, कापडाच्या वर दोन बोटे इतक्याच उंचीवर धरावे आणि ते हातात असताना बोलू नये. थुंकीचा अदृश्य तुषार आज दिसत नाही, काही महिन्यांनी त्याचा काळा ठिपका होतो. गप्पांची आवड असलेल्या आपल्या मंडळींना हा नियम सर्वांत जड जातो.

पाहण्याचा क्रम घरी एखाद्या साध्या नाण्यावर आधी गिरवून घ्यावा. प्रथम भिंगाशिवाय, हाताच्या अंतरावर नाणे धरून ते दिव्याखाली हळूहळू कलते करावे आणि त्याच वेळी गोल फिरवावे. ज्या क्षणी आरसा प्रकाश सरळ डोळ्यात परावर्तित करतो त्याच्या किंचित आधी किंवा नंतर पुसल्याच्या बारीक रेघा उजळून दिसतात. सरळ वरून पाहिल्यास त्या कधीच दिसत नाहीत, आणि फोनवर आलेल्या छायाचित्रात तर नाहीतच. रेघा दिसल्या की भिंग घ्यावे आणि त्या कोणत्या जातीच्या आहेत ते ठरवावे. ठसा घासताना ठशावरच राहिलेल्या रेघा नाण्यावर उठावाच्या येतात आणि चेहऱ्याच्या किंवा अक्षराच्या कडेशी येऊन थांबतात. तो दोष टांकसाळीतला आहे आणि त्याने फारसे बिघडत नाही. नाण्यावर नंतर पडलेल्या रेघा खोलगट असतात आणि पार्श्वभूमीवरून निघून सरळ गालावर, अक्षरावर चढतात. हा फरक ओळखता येत नसेल तर खरेदी पुढे ढकलणे बरे, कारण किंमतीतला बहुतेक फरक याच एका गोष्टीत दडलेला असतो. यानंतर नाण्याचा काठ आणि अक्षरांचे कोपरे पाहावेत: खऱ्या प्रूफवर ते चौकोनी आणि धारदार असतात, तर पॉलिश मारून चमकवलेल्या साध्या नाण्यावर ते गोलसर होतात आणि चेहराही पार्श्वभूमीसारखाच चकाकू लागतो.

आपल्याकडच्या घरांत एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि परदेशी पुस्तके वाचून तयार झालेल्या संग्राहकाला तो सुचत नाही. काही वर्षांपूर्वी रामबागेतल्या एका घरी मी गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे पाहत होतो. चिन्ह ‘बी’, वजन बरोबर, दुरून आरसा उत्तम. दिव्याखाली कलते केले तेव्हा रेघांची वर्तुळेच्या वर्तुळे उजळली आणि भिंगातून पाहिले तर अक्षरांच्या खाचेत तांबूस कण दिसले. “काकू, ही नाणी लक्ष्मीपूजनाला ठेवत होतात का?” असे विचारल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, “म्हणजे काय! दर दिवाळीला चिंचेने लख्ख करून, हळदकुंकू वाहून.” त्या घरातले ते सर्वांत जपलेले नाणे होते. मी ते चांदीच्या भावानेसुद्धा मागितले नाही. पूजेतले नाणे पूजेतच राहू द्यावे, असे त्यांना सांगितले आणि त्यांनाही तेच हवे होते. तेव्हापासून पूजेचा प्रश्न मी दिवा लावण्यापूर्वीच विचारतो.

नाणे कशात ठेवले होते, हेही नाण्याइतकेच पाहावे. मऊ, वाकणारे, उग्र वासाचे पाकीट बहुधा पीव्हीसी प्लॅस्टिकचे असते. त्यातून निघणारे द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर धरते आणि तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या नाण्यांना ते अधिक बाधते. थर नुसता वर असेल तर घरी आणून शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न चोळता, तो काढता येतो. हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि काचेच्या भांड्यात करावे, आणि नेलपॉलिश काढण्याचे सुगंधी द्रव त्यासाठी वापरू नये. खाली धातू खाल्लेला असेल किंवा चांदीवर दुधाळ ठिपके असतील तर ते जात नाहीत, हे गृहीत धरूनच किंमत सांगावी. विक्रेत्याच्या घरी मात्र कोणतीही सफाई करू नये.

किंमतीचा आकडा घरूनच लिहून न्यावा. ग्रेडिंगच्या सत्तर गुणांच्या मापात प्रूफ नाण्याचा खरा खेळ ६० ते ७० मध्ये चालतो. आपल्या नजरेला जो अंक वाटेल त्यापेक्षा दोन अंक खालचा भाव द्यावा, कारण चूक झाली तर ती सर्वस्वी आपली असते. ‘ग्रेडिंग झालेले नाही’ याचा अर्थ ‘कोणी पाहिलेले नाही’ असा घेणे ही नवशिक्याची हमखास चूक आहे. ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकी संस्थांपैकी पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी तपासून, अंक देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करत आहेत. व्यापाऱ्याच्या ट्रेमधले सुटे प्रूफ नाणे अनेकदा त्याने स्वतःच चाळणीतून काढून बाजूला ठेवलेले असते. त्यामुळे माझा भर ट्रेवर कमी आणि ज्या घरात कोणीच निवड केलेली नाही अशा घरांवर, टांकसाळीच्या न फोडलेल्या संचांवर अधिक असतो.

ब्रिटिशकालीन प्रूफ कोणी दाखवले तर दोन गोष्टी आठवाव्यात. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नंतरही नाणी पाडून दिलेली आहेत, आणि मूळ व पुनर्मुद्रित यांतला फरक मेजावर बसून ठरवणे कठीण असते. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तूत मोडते आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ‘पुढे परदेशातून ग्रेडिंग करून घेऊ’ या आशेवर १९११ चा रुपया घेऊ नये.

नाणे घेतले की ते तिथेच योग्य मापाच्या कॅप्सूलमध्ये घालावे. सैल कॅप्सूलमध्ये ते फिरून स्वतःलाच घासते. परतताना सराफ्यात गराडू खायला थांबायचे असेल तर जरूर थांबावे, पण कोणी ओळखीचे भेटले तरी त्या तेलकट हातांनी कॅप्सूल उघडू नये. रात्री वहीत तारीख, वजन, किंमत आणि प्रत्येक दोषाची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहावी (‘दर्शनी बाजू, चारच्या जागी, एक बारीक ठिपका’), आणि एका महिन्याने तेच नाणे त्याच दिव्याखाली पुन्हा पाहून ठिपका वाढला आहे का, हे त्या ओळीशेजारी नोंदवावे.