ब्रोकर शेवटी अडत्याच: खातं उघडताना या चुका टाळा

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा भाव चढो की पडो, सौदा झाला की अडत्याची अडत पक्की. शेअर ब्रोकरचंही तसंच. एनएसई-बीएसई या शेअर बाजारांवर तुम्हा-आम्हाला थेट खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून सेबी या बाजार नियामकाकडे नोंदणी असलेला ब्रोकर मध्ये लागतो. तो कमावतो सौद्यावर, आपल्या नफ्यावर नाही. बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

आमच्या महाल भागातल्या काकांचंच घ्या. निवृत्तीचे पैसे, जुनं फुल-सर्व्हिस खातं (सल्ला आणि माणूस दिमतीला, पण ब्रोकरेज जास्त) आणि दर आठवड्याला फोन करणारा एक गोडबोल्या पोरगा. "काका, हा काढा, तो घ्या." ब्रोकरेज ०.५ टक्के. लाखाच्या खरेदीवर ५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. विकताना पुन्हा तेवढेच. शिवाय दोन्ही वेळा शंभर-शंभर रुपये एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर. शेअर दीड टक्का चढून विकला, तरी काकांच्या हाती जेमतेम शंभर रुपये उरतात! काका मात्र 'नफ्यात आहे' म्हणून खूश. आम्ही कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे सौद्यांची बिलं, काढून बेरीज केली, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. ही नोट सौद्यानंतर २४ तासांत मेलवर येते; उघडतं कोण?

म्हणून फुल-सर्व्हिस वाईट, असं नाही. आजोबांची कागदी सर्टिफिकेटं डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, करायची असतील, वारसाच्या नावावर शेअर चढवायचे असतील, तर समोर बसून फॉर्म भरून देणारा माणूस लाख मोलाचा. फक्त त्याच्या 'टिप'ची किंमत ब्रोकरेजमध्ये मोजा, आणि दर कमी करून मागा. बर्डीच्या बाजारात घासाघीस करतो तशी इथेही चालते.

माझी चूक उलटी. 'डिलिव्हरी फुकट', म्हणजे शेअर घेऊन ठेवायला ब्रोकरेज नाही, हे पाहून सल्ला न देणाऱ्या स्वस्त डिस्काउंट ब्रोकरकडे गेलो. ब्रोकरेज शून्य असलं तरी एसटीटी, स्टॅम्प ड्युटी आणि विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क) सुटत नाहीत. खरा गळ मात्र पुढे आहे: डिलिव्हरी फुकट देणाऱ्याची कमाई इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) यांच्या ऑर्डरींवर, बहुधा २० रुपये एका ऑर्डरला. म्हणून ॲपमध्ये तिकडची बटणं जास्त चमकतात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. मीही त्यांतलाच, आकडा घरी सांगितलेला नाही.

आता नेहमीच्या अडचणी. विक्रीची ऑर्डर अडकली, तर आधी टीपिनची, म्हणजे डिमॅटमधून शेअर काढू देणाऱ्या पिनची, परवानगी तपासा. डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली लेखी मुभा) दिलेलं नसेल, तर विक्रीसाठी टीपिन आणि ओटीपी लागतो. ऐन वेळी ॲप लटकलं, तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला फोन करून सौदा करता येतो. तो नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा; बाजार साडेतीनला बंद होतो, आणि सव्वातीनला नंबर शोधण्यात काय हशील? दुसऱ्या ब्रोकरकडे जास्तीचं डिमॅट उघडण्याआधी एक बघा: चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क माफ असणारं बीएसडीए, म्हणजे साधं सवलतीचं डिमॅट, एकाच खात्यावर मिळतं. मी तीन खाती उघडून तीही सवलत घालवली.

शेअर खरंच आपल्या नावावर आहेत का, हे ब्रोकरच्या ॲपवर पाहून भागत नाही. ते असतात सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे. तिथे स्वतःचं लॉगिन करून जुळवा. आणि 'सरांच्या' वैयक्तिक खात्यावर पैसे टाका म्हणणारा कुणी भेटला, तर तो ब्रोकर नव्हे, मग त्याचं ऑफिस धरमपेठेत कितीही चकचकीत असो. सेबीच्या संकेतस्थळावर आयएनझेड (INZ) या अक्षरांपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. काकांनी परवा तपासला, चष्मा कपाळावर चढवून, आणि मग त्या पोराला स्वतः फोन लावला: "बेटा, अर्ध्या टक्क्याचं काय करतो ते सांग."