बोंडू आणि कोकम ईएसआरवर तपासताना या चुका टाळा

काजूच्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, कोकमाच्या सालीत गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात एमएस्सीच्या प्रकल्पाला हे विषय हमखास निघतात आणि नमुने मुंबईला ईएसआरसाठी जातात (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून एकटे इलेक्ट्रॉन टिपणारी तपासणी; रक्ताची ईएसआर नव्हे). पवईच्या आयआयटीत ती सोय आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिग्नलची उंची पाहून जीवनसत्त्व किती ते ठरवणं. ईएसआरला जीवनसत्त्व दिसतच नाही. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असेल तरच सिग्नल येतो, आणि क जीवनसत्त्वाचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात. त्यातला एक गेला की ॲस्कॉर्बिल रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन उरलेला रेणू, बनतो. २.००५ जी-मूल्याजवळ (जी-मूल्य म्हणजे रेघेची जागा सांगणारा आकडा), एकमेकींपासून साधारण ०.१८ मिलिटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) अंतरावर दिसणाऱ्या दोन रेघा त्याच्या. सिग्नल वाढला म्हणजे त्या क्षणी ऑक्सिडेशन जोरात चाललंय. साठा किती, हे वेगळं टायट्रेशन करूनच कळेल.

हे ऑक्सिडेशन बहुतेक वेळा आपणच लावून दिलेलं असतं. बोंडू लोखंडी विळीवर चिरला, रस तांब्याच्या भांड्यात ठेवला, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) विहिरीच्या पाण्यात केला, की लोह आणि तांबं रसात उतरलंच. आपली जांभ्याची माती तर लोहाने भरलेली. स्टीलची सुरी, शुद्ध पाणी आणि बफरमध्ये डीटीपीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन वापरा. त्याच कामाचं ईडीटीए चालेल असं मुलं सांगतात. पण ईडीटीएने धरलेलं लोह गप्प बसत नाही, पेरॉक्साइड असेल तर हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतच राहतं. नुसत्या बफरचा स्पेक्ट्रमही घ्या. माझा आग्रह असतो, तो आधी घ्या.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तसाच घातला तर दोन अडचणी. मिठामुळे मायक्रोवेव्ह शोषले जातात आणि यंत्र ट्यूनच होत नाही. विरल करून बारीक केशनळीत भरा. शिवाय इतक्या आंबट द्रावणात ॲस्कॉर्बिल टिकत नाही, म्हणून पीएच ७.४ च्या आसपास आणा. रेघ दिसली नाही म्हणून ‘क जीवनसत्त्व नाही’ असं लिहू नका.

डीपीपीएच चाचणीत मात्र ईएसआर कोकमासाठी खरंच उपयोगी. डीपीपीएच हा टिकाऊ रंगीत रॅडिकल; रस त्याला किती संपवतो ते यात पाहतात. कोकमाचा लाल रंग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशावरच्या नेहमीच्या मोजणीत घोळ घालतो, ईएसआरला रंगाचं काही नाही. पण मिथेनॉलमध्ये पाणी जास्त झालं की डीपीपीएच खाली बसतं, सिग्नल घटतो आणि रस फार गुणकारी वाटतो. तेवढंच पाणी घातलेला, रस नसलेला नमुना शेजारी हवाच.

मॉड्युलेशन (मोजताना चुंबकीय क्षेत्र किती हलवायचं ते) ०.२ मिलिटेस्लावर ठेवलं तर ॲस्कॉर्बिलच्या दोन रेघा एक होतात, ०.०५ च्या खाली ठेवा. मायक्रोवेव्हची पॉवर दोन-तीन पातळ्यांवर बदलून पाहा.

सालीच्या पुडीत साधारण ९ मिलिटेस्ला अंतराने सहा रेघा आल्या, तर ते मँगनीज आहे. त्याला अँटिऑक्सिडंटच्या खात्यात धरू नका.