पास्त्याशिवाय वांग्याचा लझानिया

लझानियातून पास्त्याच्या पट्ट्या काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी भाजीच्या चकत्या रचायच्या, एवढे केले की कमी कर्बोदकांचा लझानिया झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही पहिल्यांदा तसेच केले होते. दुधी भोपळ्याच्या पातळ चकत्या कच्च्याच रचल्या, त्यांवर टोमॅटोचा सॉस आणि पनीर पसरले, वर सढळ हाताने चीज घातले आणि पाऊण तासाने जे भांडे ओव्हनमधून बाहेर काढले, त्यातून वाढण्यासाठी शेवटी डाव घ्यावा लागला. चव वाईट नव्हती, परंतु त्या रश्शाला लझानिया म्हणण्याचे धाडस घरात कोणी केले नाही. पास्त्याची पट्टी केवळ थर वेगळे ठेवते असे नाही. ती सॉसमधले पाणी शोषून घेते आणि तिच्यातील स्टार्चमुळे उरलेला सॉस दाट होतो. ती काढली की पाणी पिणारे कोणी उरत नाही, आणि तिच्या जागी आपण जी भाजी आणतो तिच्यात तर नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणून पुढील कृतीतील जवळजवळ प्रत्येक पायरी पाणी काढण्याची आहे, आणि ती टाळून चालत नाही.

पास्ता नसलेला हा प्रकार इटलीच्या परंपरेला अगदीच परका नाही. मैदा, अंडी आणि पालक यांच्या हिरव्या पट्ट्यांचा, खिमा आणि पांढरा सॉस घातलेला लझानिया हा उत्तरेकडील बोलोन्या शहराचा. परंतु दक्षिण इटलीत वांग्याच्या चकत्या, टोमॅटोचा सॉस आणि चीज थरावर थर रचून भाजण्याची पार्मिजाना नावाची पाककृती जुनी आहे, आणि ग्रीसमधील मुसाकाही त्याच कुळातला. आपण येथे जे करणार आहोत ते पार्मिजानाला अधिक जवळचे आहे. फरक इतकाच, की पार्मिजानात वांगी बहुधा तेलात तळतात. येथे ती तव्यावर भाजायची आहेत.

पास्ता काढल्याने नेमके काय वाचते, हेही आधी पाहून घ्यावे. सुक्या पास्त्यात १०० ग्रॅममागे साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात, तर कच्च्या वांग्यात सहा ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतलीही निम्मी तंतूंची. सहा जणांच्या लझानियाला २५० ग्रॅम पट्ट्या लागतात असे धरले, तर केवळ पास्त्यातून प्रत्येकाच्या पानात ३० ग्रॅम कर्बोदके येतात. पांढऱ्या सॉसातील मैदा आणि दूध त्याहून वेगळे. खाली दिलेल्या प्रमाणातला सगळा लझानिया सहा जणांत वाटला, तर माझ्या हिशेबाने एका वाट्याला, तंतू वगळता, १२ ते १४ ग्रॅम पडतात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे जणू कर्बोदके नसलेले अन्न असा समज घट्ट बसलेला आहे, परंतु ज्वारीच्या पिठातही १०० ग्रॅममागे सत्तरीच्या आसपास कर्बोदके असतात. तेव्हा या लझानियासोबत भाकरी घेतली तर हा सगळा खटाटोप व्यर्थ जाईल. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणातील कर्बोदके एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर फार खाली जाण्याचा धोका असतो.

आता वांग्याविषयी. सांगलीत राहणाऱ्या माणसाला कृष्णाकाठच्या वांग्यांचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. परंतु भरल्या वांग्यासाठी आपण जी लहान, काटेरी देठाची वांगी निवडून आणतो ती या कामाची नाहीत, कारण त्यांच्या चकत्या लहान पडतात आणि थर सलग बसत नाही. येथे भरताचे मोठे वांगे हवे. ते हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके वाटले पाहिजे, साल तुकतुकीत असावी आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडू नये. जड वांग्यात बिया अधिक निघतात, हे भरीत करणाऱ्यांना सांगायला नको. मंडईत अशी दोन मोठी वांगी, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम, घ्यावीत. विश्रामबागेतील मोठ्या दुकानांत झुकिनी मिळाली तर तीही चालते. दुधीही चालतो, परंतु या दोन्हींत वांग्यापेक्षा पाणी अधिक असल्याने पहिल्या खेपेला त्यांच्या वाटेला जाऊ नये. हिवाळ्यात कोबीची बाहेरची मोठी पाने उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, मधली जाड शीर तासून आणि कापडाने टिपून वापरली तर थर फार सुबक बसतात, पण कोबीची चव सॉसावर मात करते.

इतर साहित्य असे: लांबट, कमी रसाचे टोमॅटो पाऊण किलो, एक लहान कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, पालकाची एक मोठी जुडी म्हणजे निवडून सुमारे २५० ग्रॅम, मशरूम २०० ग्रॅम, एक मोठी ढोबळी मिरची, पनीर २५० ग्रॅम, गोडसर ताजा चक्का १५० ग्रॅम, मोझरेला चीज १५० ग्रॅम, ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचे तेल तीन मोठे चमचे, मिरपूड, लाल मिरचीचे थोडे जाडसर तुकडे, मीठ आणि सुवासासाठी पाने. बटाटा, मटार, मका आणि गाजर यांना येथे स्थान नाही. पहिल्या तिघांत स्टार्च भरपूर असतो आणि गाजर सॉस गोड करते.

वांग्याचे देठ काढावे, सालीच्या एकाआड एक पट्ट्या सोलाव्यात आणि उभ्या चकत्या कापाव्यात. चकती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित जाड असावी. त्याहून पातळ कापली तर भाजताना ती तव्याला चिकटून फाटते. साल पूर्ण ठेवली तर नंतर लझानिया कापताना ती सुरीला अडते आणि वरचे थर ओढून नेते, पूर्ण काढली तर चकतीला धर राहत नाही, म्हणून हा मधला मार्ग. चकत्यांना दोन्ही बाजूंनी मिळून दीड चहाचा चमचा मीठ चोळावे आणि त्या चाळणीत उभ्या करून अर्धा तास ठेवाव्यात. मिठामुळे पेशींतले पाणी बाहेर येते आणि वांग्याचा स्पंजासारखा गर दबतो, त्यामुळे पुढे तो तेलही कमी पितो. अर्ध्या तासाने चकत्या धुऊ नयेत; स्वच्छ पंचात दोन-दोन घेऊन तळव्याने दाबून टिपाव्यात. पंचा किती भिजला ते पाहिले म्हणजे माझ्या पहिल्या लझानियाचे काय झाले असेल, याचा अंदाज येतो.

भाजण्यासाठी बिडाचा तवा उत्तम. तेल तव्यावर ओतू नये, कारण पहिली चकतीच ते सगळे ओढून घेते. बोटांनी किंवा ब्रशाने प्रत्येक चकतीला अगदी पातळ हात फिरवावा. मध्यम आचेवर एका बाजूस तीन ते चार मिनिटे, तांबूस डाग पडेपर्यंत भाजून उलटावे. चकती मऊ झाली पाहिजे, परंतु उचलल्यावर तुटता कामा नये. भाजलेल्या चकत्या ताटलीत एकावर एक ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा; त्यांची वाफ त्यांच्यातच मुरते आणि केलेले काम निम्मे फुकट जाते. जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर त्या पसरून ठेवाव्यात.

टोमॅटोचा सॉस हा या पदार्थाचा जीव आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळ मागतो. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोलावेत, आडवे कापून बिया आणि त्याभोवतीचा रस एका वाटीत काढून घ्यावा (तो सारासाठी वापरता येतो) आणि गर बारीक चिरावा. जाड बुडाच्या कढईत एक मोठा चमचा तेल घालून बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा, मग ठेचलेला लसूण आणि मिरचीचे तुकडे, आणि लसणाचा कच्चा वास गेला की टोमॅटो घालावेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि येथे कांद्यावर हळद न टाकता पुढे जाणे हाताला अवघड जाते. तरीही या सॉसात हळद घालू नये, कारण टोमॅटोचा लाल रंग विटकरी होतो आणि चव थेट भाजीकडे वळते. जिरे-मोहरीचेही तेच. सॉस झाकण न ठेवता मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटे आटवावा. कढईच्या तळावर उलथने ओढले असता मागे राहिलेली रेघ दोन-तीन क्षण तशीच राहिली, बाजूने पाणी धावून आले नाही, म्हणजे सॉस झाला असे समजावे. आंबटपणा मारण्यासाठी साखर किंवा गूळ न घालता शेवटी लोण्याचा लहानसा गोळा घालावा. मीठ अगदी बेताने, कारण वांग्यात ते मुरलेले आहे आणि चीजही खारट असते.

सुवासासाठी बेसिलची पाने लागतात. तुळस ही त्याच कुळातली असली तरी तिचा लवंगेसारखा उग्र वास येथे जुळत नाही. ज्याचे बी आपण उन्हाळ्यात भिजवून पितो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा आहे. परसात त्याचे रोप असेल तर दहा-बारा पाने हाताने तोडून, गॅस बंद केल्यावर सॉसात घालावीत. ओरेगॅनोच्या पुडीसाठी मुद्दाम दुकानात जाण्याची गरज नाही. त्याचा वास ज्या घटकांमुळे येतो त्यांपैकी थायमॉल ओव्यातही असते, म्हणून चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून घातला तरी काम भागते. चिमूटभरच, जास्त झाला तर थालीपीठ आठवते.

पालक धुऊन, पाणी न घालता, त्याच्या अंगच्या ओलाव्यावर दोन मिनिटे कढईत परतावा आणि गार झाल्यावर कापडात घालून चक्का पिळतो तसा पिळून बारीक चिरावा. एवढ्या मोठ्या जुडीतून मूठभर गोळा हाती येतो, यात काही चुकले नाही. मशरूम मोठ्या आचेवर मीठ न घालता परतावेत. आधी पाणी सुटते, मग आटते, आणि त्यानंतर ते तांबूस होऊ लागतात. ढोबळी मिरची उभी चिरून त्यांच्यातच परतून घ्यावी.

मधल्या पांढऱ्या थरासाठी इटलीत अनेक ठिकाणी रिकोत्ता वापरतात, जे चीज केल्यावर उरलेले मठ्ठ्यासारखे पाणी पुन्हा तापवून करतात. आपल्याकडे कुस्करलेले पनीर आणि चक्का एकत्र फेटले तर त्याच्या पुष्कळ जवळ जाता येते. पाडव्याला आणि दसऱ्याला डेअरीत चक्का सहज मिळतो. एरवी आदल्या रात्री गोड दही फडक्यात टांगून ठेवावे. पनीर घरी करायचे असल्यास म्हशीचे दूध घ्यावे; लिटरभर दुधात २०० ग्रॅमच्या आसपास पनीर उतरते. मोझरेलाचा मूळ प्रकारही इटलीतील कांपानिया भागात म्हशीच्याच दुधाचा, त्यामुळे पंढरपुरी म्हशींच्या या मुलखात ही सामग्री मुळीच परकी वाटत नाही. पनीर, चक्का, मिरपूड आणि पिळलेला पालक एकजीव करावा. ज्यांना पांढरा सॉसच हवा असतो ते पुष्कळदा मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर घालतात. ते जवळजवळ निव्वळ स्टार्चच असल्याने त्यात काहीच साधत नाही.

चीज घरी किसलेले बरे, कारण किसून विकल्या जाणाऱ्या चीजमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा स्टार्च मिसळलेला असतो. इटलीहून येणारे अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरून करतात, तेव्हा शाकाहारी घरांनी ते टाळावे आणि पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

साधारण २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि पाच सेंटिमीटर खोल भांड्यात तळाला सॉसाचा पातळ हात फिरवावा. त्यावर वांग्याच्या चकत्या किंचित एकमेकींवर चढवून उभ्या रचाव्यात, वर पनीरचा थर, मशरूम आणि मिरची, मग सॉस आणि थोडे चीज. दुसऱ्या थरातील चकत्या आडव्या ठेवाव्यात आणि तिसऱ्यातील पुन्हा उभ्या. बाजेच्या विणीसारखे हे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि तुकडा उचलताना घसरत नाहीत. प्रत्येक थर तळव्याने हलकेच दाबावा. सर्वांत वर वांगे, उरलेला सॉस आणि उरलेले चीज.

ओव्हन आधी १८० अंश सेल्सिअसला तापवून घ्यावा. पास्त्याचा लझानिया सुरुवातीला फॉइलने झाकतात, कारण पट्ट्यांना शिजायला वाफ हवी असते. आपल्याला वाफ बाहेर घालवायची आहे, म्हणून हे भांडे अजिबात झाकू नये. ३० ते ३५ मिनिटांत कडांना बुडबुडे दिसू लागतात. त्यानंतर चार-पाच मिनिटे केवळ वरची कॉइल लावून चीजला रंग आणावा. मध्येच वीज गेली तर दार उघडू नये, आतली उष्णता बराच वेळ काम करत राहते. ओव्हन नसल्यास जाड कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवावा, झाकून दहा मिनिटे तापवावी आणि भांडे आत ठेवून मंद-मध्यम आचेवर पाऊण तास भाजावे. शेवटची पंधरा मिनिटे झाकण तिरके ठेवावे. वरून रंग येत नाही, एवढेच न्यून. साध्या मायक्रोवेव्हच्या नादी लागू नये, त्यात हा पदार्थ फक्त वाफवला जातो.

बाहेर काढल्यावर किमान वीस मिनिटे सुरी लावू नये. घरात वास दरवळत असतो आणि मुले ताटे घेऊन बसलेली असतात, त्यामुळे ही पायरी सर्वांत कठीण. परंतु वितळलेले चीज आणि पनीर पुन्हा आळल्याशिवाय थर उभे राहत नाहीत. त्यानंतर पातळ, धारदार सुरीने सहा तुकडे करावेत आणि सोबत लसणाच्या पावाऐवजी काकडीची, दही आणि दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर द्यावी. उरलाच तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी गारच असताना कापून, तुकडा बिडाच्या तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर गरम करावा. खालचे वांगे थोडे खरपूस होते, आणि आमच्या घरात काही जण त्यासाठीच आदल्या दिवशी एक तुकडा बाजूला काढून ठेवतात.