वेबसाइट तपासताना नजर आणि घामाच्या नोंदी कशा जुळवाव्यात

‘साइट कशी वाटते’ एवढाच प्रश्न घेऊन आय-ट्रॅकर, म्हणजे नजर पडद्यावर कुठे टेकते ते नोंदवणारं यंत्र, लावू नका. नेमकं काम द्या: पत्ता बदलून ऑर्डर पूर्ण करा, पैसे परत मिळण्याचे नियम शोधा. काम बदललं की नजरेची वाट बदलते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी एकाच चित्राबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारून हे दाखवून दिलं, त्याला अर्धशतक उलटलं.

खोलीतला उजेड स्थिर हवा, खुर्ची न फिरणारी. नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे पडद्यावरच्या नऊ बिंदूंकडे पाहायला लावून यंत्र त्या माणसाच्या नजरेशी जुळवून घ्या. चूक अर्ध्या अंशाच्या वर गेली तर पुन्हा करा. ६० सेंटिमीटरवरून अर्धा अंश म्हणजे पडद्यावर साधारण ५ मिलिमीटर. त्यामुळे चिकटून असलेल्या दोन लिंकांपैकी माणूस कोणती पाहत होता, हे ठामपणे सांगू नका. जीएसआर सेन्सर (घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजणारा) माउस न धरणाऱ्या हाताच्या दोन बोटांना लावा आणि काही मिनिटं माणसाला शांत बसू द्या.

खरी मेख पुढे आहे. घामाचा आलेख जिथे टोकाला पोचतो, त्या क्षणी नजर कुठे होती ते पाहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. मनात खळबळ उडाल्यावर त्वचेची विद्युतवाहकता वाढायला १ ते ३ सेकंद लागतात, आणि टोक त्याच्याही नंतर येतं. नजर मात्र सेकंदाला तीनेक ठिकाणी टेकते. म्हणजे आलेख टोकाला जाईपर्यंत डोळे भलतीकडेच पोचलेले असतात. लाल अक्षरांतल्या ‘पासवर्ड चुकीचा आहे’ या ओळीने माणूस वैतागतो आणि दोष जातो बिचाऱ्या मेन्यूवर!

म्हणून टोक सोडा, आलेख जिथून चढायला लागतो तो क्षण धरा. तिथून १ ते ३ सेकंद मागे जा आणि तेवढ्यात पडद्यावर काय घडलं ते पाहा. हे जमायला दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही यंत्रांच्या नोंदींत एकाच वेळी खूण पाठवा. फक्त सुरुवातीची खूण पुरत नाही, कारण घड्याळं हळूहळू सरकतात.

खोकला, दीर्घ श्वास, बोलणं यांनीही आलेख चढतो. त्यामुळे काम चालू असताना माणसाला बोलतं करू नका.

डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणजे मेंदूवर ताण आला, असंही लगेच म्हणू नका. गडद पानावरून पांढऱ्या पानावर गेलं की बाहुली आकसतेच. सारख्या उजेडाच्या पानांचीच तुलना करा. हृदयगतीतल्या चढउतारांच्या विश्लेषणाला मिनिटांची नोंद लागते, एका बटणासाठी त्याचा उपयोग नाही.

हीटमॅपवरचा (नजर कुठे किती टेकली ते रंगांनी दाखवणाऱ्या चित्रावरचा) लाल डाग म्हणजे आवड नव्हे. न समजलेल्या मजकुरावरही नजर खिळते. घामही खळबळ किती ते सांगतो, ती आनंदाची की संतापाची ते सांगत नाही. म्हणून काम संपताच त्या माणसाला त्याचंच रेकॉर्डिंग दाखवा, आलेख चढला तिथे थांबवा आणि एवढंच विचारा: “इथे काय चाललं होतं?” त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत त्या वेळेपुढे लिहून घ्या.