रामटेकचं डोंगरावरचं मंदिर कसं पाहावं

नागपूरहून जबलपूर रस्त्यानं निघा, मनसरला उजवीकडे वळा. सुमारे 50 किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी दगड तापतो आणि अनवाणी उभं राहवत नाही. सोबत छोटी टॉर्च ठेवा. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका, माकडं ओढून नेतात.

बहुतेक जण थेट वर राममंदिराकडे जातात आणि सगळ्यात जुनं तेच राहून जातं. आधी केवल नरसिंह हे मंदिर पाहा. हे वाकाटक राजघराण्याच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. सपाट छत, पुढे मंडप, मागे छोटा गाभारा. लाल वालुकाश्मातली बसलेली मूर्ती इतकी मोठी, की गाभारा तिच्यापुढे अपुरा वाटतो. एक गुडघा वर, हातात चक्र. शिखर शोधत बसू नका. या बांधणीचा भारदस्तपणा दगडाच्या वजनात आहे.

मंडपातल्या भिंतीवर शिलालेख आहे. टॉर्च समोरून मारली तर अक्षरं सपाट दिसतात. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडून अक्षर उठून येतं. त्यात ‘प्रभावतीस्वामी’ हे देवाचं नाव आहे. ते नाव प्रभावतीगुप्तावरून आलं. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. अक्षरांवर खडू, तेल, पाणी काहीही लावू नका. वालुकाश्म सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं, त्यावर धूळ बसते आणि कोरीव कडा बुजतात.

मग रुद्र नरसिंह आणि वराह ही मंदिरं, आणि शेवटी गडावरची लक्ष्मण-राम मंदिरं. गडावरची ही दोन्ही नंतरच्या काळातली, त्यांना शिखरं आहेत. फरक तिथे आपोआप दिसतो.