नाव शेवटी सांगा: रेकॉर्डवाल्यांची बैठक घरी कशी भरवावी

घरी पहिल्यांदा जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी ऐकायची बैठक भरवली तेव्हा मी चौदा रेकॉर्डी काढून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या आधी पाच-पाच मिनिटं प्रवचन: कुठे मिळाली, कितीला मिळाली, विकणारा आधी किती म्हणत होता. चौथ्या रेकॉर्डला एक काका भिंतीला टेकून घोरायला लागले, दोघं गॅलरीत जाऊन क्रिकेटवर बोलत उभे राहिले. माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड बाराव्या नंबरावर होती. ती ऐकायला उरलो मी आणि बायको, आणि तीही कपबशा आवरता आवरता.

पुढे चुकत चुकत एक पद्धत बसली. पाच-सहा संग्राहक, एक टर्नटेबल आणि रविवारची दुपार एवढं असलं की ती कुठेही जमते.

१. माणसं मोजकी, पण एका माळेतली नकोत

सहाच्या वर गेलं की बैठकीची सभा होते. नाट्यसंगीतवाला एक, जुन्या हिंदी सिनेमाचा एक, वाद्यसंगीताचा एक अशी सरमिसळ असू द्या. सगळेच खयालवाले जमले तर तास-दीड तासात ‘आमचं घराणं, तुमचं घराणं’ सुरू होतं आणि टर्नटेबल नुसतं फिरत राहतं. ज्याच्याकडे एकही रेकॉर्ड नाही असा एक जण जरूर बोलवा. त्याला दुर्मीळ काय आणि नेहमीचं काय हे ठाऊक नसतं, त्यामुळे तो फक्त गाणं ऐकतो.

२. रेकॉर्डी नाही, बाजू मोजा

निरोप धाडताना ‘तीन रेकॉर्डी आणा’ असं म्हणू नका, ‘तीन बाजू आणा’ म्हणा. दहा इंची सेव्हंटी-एटची (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची) एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, बारा इंचीची चार-साडेचार. ईपीची, म्हणजे छोट्या सात इंचीची, साधारण सहा-सात. एलपीची, म्हणजे लाँग-प्ले तबकडीची, एक बाजू मात्र वीस-पंचवीस मिनिटं खाते. सहा जणांनी एकेक एलपी आणली आणि एकेकच बाजू लावली, तरी दोन तास गेले आणि बोलणं झालंच नाही. म्हणून आमच्याकडे एका बैठकीत एलपीच्या दोनच बाजू. बाकी सगळा वेळ सेव्हंटी-एट आणि ईपीचा.

साडेतीन मिनिटांत काय गाणं होणार, असं म्हणणारा एक तरी असतोच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि ती साडेतीन मिनिटांचीच आहे, एवढं त्याला सांगावं आणि पिन टेकवावी.

३. निवड: आपलं सगळ्यात दुर्मीळ घरीच ठेवा

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. संग्राहकाला आपली सर्वात दुर्मीळ रेकॉर्ड दाखवायची असते. पण दुर्मीळ म्हणजे ऐकण्याजोगी असं नाही. माझ्याकडे एक तबकडी आहे, फारच थोड्यांकडे असेल, आणि ती ऐकल्यावर बाकीच्यांनी ती का जपली नाही हे लगेच कळतं.

त्यापेक्षा अशी बाजू निवडा, जिला दुसऱ्याच्या पिशवीतून उत्तर येईल. सर्वांत सोपी युक्ती जोडीची. तोच राग दोन गळ्यांत, गुरू आणि शिष्य, किंवा एकच गायिका तीस वर्षांच्या अंतराने. एक जोडी सविस्तर सांगतो, कारण ती लावली की कुणी ना कुणी फसतंच.

गंगूबाई हनगल यांची १९३०च्या दशकातली सेव्हंटी-एट मिळवा. लेबल कुणाला दिसू देऊ नका, कव्हर पाठीमागे धरा. आवाज येतो तो पातळ, टोकदार, वरच्या पट्टीत सहज फिरणारा. आमच्याकडे पहिल्यांदा लावली तेव्हा तीन नावं आली आणि तिन्ही चुकीची. मग काही न बोलता त्यांच्या उत्तरायुष्यातली एलपी लावा: तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज. मधल्या काळात गळ्याच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज बदलला होता. दोन्ही बाजू झाल्या की मग नाव सांगा. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर तर नावही ‘गांधारी’ असं छापलेलं आहे, त्यामुळे लेबल पाहूनही माणूस चकतो. आमचे नाट्यसंगीतवाले काका त्या दिवशी दोन्ही बाजू पुन्हा लावायला लावून उभ्यानेच ऐकत राहिले.

तिथून साखळी आपोआप पुढे जाते. गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व, त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ. कुणाच्या तरी पिशवीत खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ निघते. दुसरा म्हणतो, मग हिराबाई बडोदेकर का नको, त्या तर खाँसाहेबांच्या कन्याच. तिसऱ्याजवळ भीमसेन जोशींची एलपी असते. कुणी काही ठरवलेलं नसतं, तरी किराणा घराण्याच्या तीन पिढ्या दीड तासात होऊन जातात.

४. यंत्र लावून ठेवा

पाहुणे येण्याच्या तासभर आधी हे उरकावं. सगळ्यांसमोर वायरी शोधणारा यजमान बघवत नाही.

टर्नटेबल हलत्या टेबलावर ठेवू नका. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर कुणी चार पावलं टाकली तरी पिन उडी मारते. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा खाली घातलाय. परदेशी स्टँडवर हजारो रुपये घालवण्याआधी तो उपाय करून बघा.

पिन दोन लागतात. सेव्हंटी-एटची खाच एलपीच्या खाचेच्या तिप्पट रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची पिन लागते, तर एलपीला १८ ते २५ मायक्रॉनची. एलपीच्या पिनेने सेव्हंटी-एट लावली तर पिन खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. उलट चूक जास्त महागाची, कारण त्यात एलपी कायमची जाते. चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच ठेवू नये, जड साउंडबॉक्स (पिन धरणारा, आवाज काढणारा भाग) आणि पोलादी पिन तिला अक्षरशः नांगरतात. चावीचा ग्रामोफोन असेल तर सेव्हंटी-एटसाठी जरूर काढा (वीज गेली तरी बैठक चालू राहते), पण दर बाजूला पिन नवी. पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते. तिथे काटकसर केली की किंमत रेकॉर्ड मोजते.

वेगाकडेही लक्ष असू द्या. ७८ फेरे हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगाने मुद्रित झालेल्या सापडतात. गाणारा माणूस घाईत आहे, किंवा आवाज चिमणीसारखा चिवचिवतोय असं वाटलं तर वेग किंचित उतरवून बघा. पेटीवर सूर धरणारा कुणी असेल तर त्याला विचारा.

आणि पंखा. छताचा पंखा पहिली बाजू सुरू होताना बंद करायचा. मे महिन्यात शिव्या पडतात, पण गुर्र आवाज गेला की तंबोरा ऐकू येतो.

५. धुतल्याशिवाय चढवायची नाही

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्यामुळे रविवारी सकाळी घेतलेली रेकॉर्ड काखोटीला मारून चार वाजता हजर होणारा एक महाभाग प्रत्येक गटात असतो. त्याचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण त्या खाचांत वर्षांची धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी असते. ती पिनेला लागते आणि पिन पुढच्या माणसाच्या रेकॉर्डला. नियम सगळ्यांना सारखा ठेवा, म्हणजे कुणाला राग येत नाही.

एलपी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने गोल पुसायची. मग नुसत्या पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवायची. सेव्हंटी-एटला पाणी चालतं, पण लेबल भिजू न देता आणि लगेच टिपून. स्पिरिट मात्र तिच्या जवळपासही नको. सेव्हंटी-एट लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला विचारा, तो रोज तेच करतो.

६. आधी ऐकवा, मग बोला

शीर्षकात म्हटलं ते इथे. आपली पाळी आली की रेकॉर्ड लावायची आणि गप्प बसायचं. कलाकार, साल, कंपनी, सगळं बाजू संपल्यावर. आधी नाव सांगितलं की लोक नावच ऐकतात. ‘बालगंधर्व’ म्हटलं की अर्ध्या खोलीचे डोळे आधीच मिटतात आणि उरलेल्या अर्ध्या खोलीचे मोबाइल उघडतात.

ही युक्ती माझी नाही, रेकॉर्डींइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणं संपल्यावर कलाकार आपलं नाव पुकारत. ‘माय नेम इज गौहर जान’ हे तिचं ठसक्यातलं वाक्य रेकॉर्डच्या अगदी शेवटी येतं. ती बाजू मिळाली तर बैठकीची सुरुवात तिनेच करा, नियम समजावून सांगायची गरज उरत नाही.

बाजू संपली की मिनिटभर कुणी काही बोललं नाही तरी चालेल. मग मालकाने तीन वाक्यांत सांगावं. किंमत सांगायची नाही आणि दुसऱ्याने विचारायचीही नाही. ‘ही देतोस का?’ हा प्रश्न बैठकीत बंद. तो जिन्यात विचारायचा.

७. वही

बैठकीला एक वही हवी आणि सुवाच्य अक्षराचा एक माणूस. प्रत्येक बाजूची एक ओळ: कंपनी, लेबलवरचा नंबर, कलाकाराचं नाव लेबलवर जसं छापलंय तसं (चुकीचं असलं तरी तसंच), राग-ताल, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर (मूळ ध्वनिमुद्रणाचा नंबर). हा शेवटचा नंबर तिरप्या उजेडात टॉर्च धरून वाचावा लागतो. तो महत्त्वाचा अशासाठी की लेबलं बदलतात, तीच बाजू वेगळ्या नंबराने पुन्हा निघते, पण मॅट्रिक्स बहुधा खरं सांगतो. वाचता आलं नाही तर अंदाज लिहू नका, जागा मोकळी सोडा. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या अंकांतल्या कलाकारवार याद्या संग्राहकांनी अशाच ओळी जमवून उभ्या केल्या.

८. प्रती, उसनवारी आणि टपाल

बैठकीनंतर ‘मला ते पाठव ना’ हे येतंच. संगणकावर उतरवून घेताना मूळ प्रत खरखरीसकट जपून ठेवा आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. खरखर काढण्याच्या नादात सारंगीही पुसली गेल्याचं मी माझ्याच कानांनी ऐकलंय. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चार मित्रांत ऐकणं आणि जाहीर टाकणं यात फरक आहे: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि कवी-संगीतकारांचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं.

सेव्हंटी-एट उसनी देऊ नये. एवढंच. एलपी द्यायची तर वहीत सही घेऊन. आणि घेणाऱ्याला सांगा, गाडीत ठेवू नकोस. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासाभरात एलपीची पापडी होते. माझी झाली आहे, सणसवाडीला जेवायला थांबलो तेवढ्यात.

टपालाने पाठवायची असेल तर एलपी कव्हरातून काढून आतल्या पिशवीसकट कव्हरामागे ठेवा, म्हणजे धक्क्याने कव्हराची शिवण फाटत नाही. सेव्हंटी-एट दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये, त्यावर बबलरॅप, मग मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी चुरगळलेला कागद. खोकं हलवून बघा. आत काही सरकलं तर पुन्हा उघडा.

निघताना प्रत्येकाने आपापली कव्हरं चाचपून बघावीत. शेवटची रेकॉर्ड हमखास टर्नटेबलवर राहते आणि पाहुणा रिकामं कव्हर घेऊन सिंहगड रस्त्यापर्यंत पोचतो. माझ्याकडे आत्ता अशी एक आहे. तिचे मालक येत्या रविवारी न्यायला येणार आहेत, येताना तीन बाजू घेऊन.