मांजराचं पाकिटबंद खाणं नागपूरच्या उन्हाळ्यात कसं सांभाळायचं

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुकानाच्या पत्र्याखाली पडलेलं कॅटफूड, कितीही चांगलं असो, बिघडायला लागतं. दाण्यांवरची चरबी उष्णतेनं खवट होते. म्हणून पोत्यातून सुटं तोलून दिलेलं घेऊच नका. त्याची ना तारीख कळते, ना बॅच नंबर.

पाकिटावर आधी टॉरिन हा पोषक घटक शोधा. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही आणि कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली समोर आला. ओलावा वगळून हिशेब केला तर कोरड्या खाण्यात किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या ओल्या खाण्यात ०.२ टक्के टॉरिन हवं. डॉगफूडमध्ये याची खात्री नसते, ते मांजराला नको. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेले पाऊच फक्त चवीपुरते. रोजच्या जेवणाला ‘कम्प्लीट’ लिहिलेलंच घ्या.

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम कोरडे दाणे पुरतात, म्हणजे १.२ किलोचं पाकीट तीन आठवडे. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात टिकत नाही. दाणे बरणीत ओतू नका: जुनी चरबी बरणीला चिकटून राहते आणि नवे दाणेही खवटतात. पाकिटाचं तोंड दुमडून, चिमटा लावून ते तसंच स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा कूलरच्या झोतापासून लांब हवा. तिथे दाणे सादळतात, मग बुरशी धरते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करतं आणि उन्हात वाळवल्यानं ते जात नाही. सादळलेलं सरळ फेका. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा. पाऊच फोडल्यावर अर्ध्या तासात उरलेलं उचला.

२००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन हे रसायन मिसळलेल्या ग्लूटेनमुळे (गव्हातल्या प्रथिनामुळे) मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. अशी खराब बॅच निघाली तर ओळखता यावी म्हणून प्रत्येक पाकिटाच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवाच.

नवं पाकीट सुरू केल्यावर उलट्या, पिवळट हिरड्या किंवा एकदम वाढलेली तहान दिसली तर ते खाणं थांबवा, पण मांजराला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठते. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन द्या आणि उरलेल्या पाकिटासकट डॉक्टर गाठा; सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बोका मातीत बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.